गोव्यातल्या वास्कोत राहून केलेला चर्चमधल्या बालसेवा-तरुणसेवा-कुटुंबसेवेचा दोन वर्षांचा डिप्लोमा : माझा सविस्तर अनुभव

पाचपैकी चार स्टार देतेय. पाचवा का कापला ते पुढे येईलच.

गेल्या दोन महिन्यांत तीन जणींनी विचारलं, ताई तुम्ही केला तो कोर्स आम्ही करावा का. एक तर बायण्याहून आईला घेऊन खास भेटायला आली. प्रत्येकीला अर्धवट काहीतरी सांगून पाठवलं आणि नंतर चुटपुट लागून राहिली, म्हणून म्हटलं एकदा बसून सगळं नीट लिहूया. संस्थेचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. माझ्या तक्रारी पण आहेत, आणि ज्या शिक्षकांनी मला एवढं दिलं त्यांच्यावर त्या तक्रारी जाव्यात असं मला वाटत नाही. शिवाय असे कोर्स आता बऱ्याच ठिकाणी निघालेत, तर पारख कशी करायची हे कळलं तर नाव कुठलंही असो, उपयोग होईल.

आधी मी कोण ते सांगते. आमची मंडळी, म्हणजे चर्च, वास्कोत, उपासना मराठीत, माणसं मिरज सोलापूर नगर बेळगाव अशी ठिकठिकाणची, कोणी बंदरात कामाला कोणी शिपयार्डात कोणी नेव्हीत, काहींची तिसरी पिढी इथेच वाढलेली. गोव्यात ख्रिस्ती म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर कॅथलिकच येतात आणि ते बरोबरच आहे, २०११ च्या जनगणनेत राज्यातली साधारण चौथा हिस्सा माणसं ख्रिस्ती आणि त्यात बहुतेक सगळे कॅथलिक. आमच्यासारख्या मराठी प्रोटेस्टंट मंडळ्या म्हणजे मूठभर. त्यामुळे आमच्याकडे संडे स्कूल, म्हणजे मुलांची रविवारची धर्मशिक्षणाची शाळा, कोण घेतं, तर ज्याला वेळ आहे तो. मी कोर्सच्या आधी सहा वर्षं घेत होते. तेवीस मुलं, हॉलच्या मागची खोली, एक पंखा, आणि आम्हाला लहानपणी जसं शिकवलं तसंच मी शिकवायचे, म्हणजे गोष्ट, मग तोंडपाठ वचन, मग चित्र रंगवायचं, मग बिस्किट आणि घरी.

एका रविवारी बायबलमधला उत्पत्ति २२ घेतला, अब्राहाम आपल्या मुलाला, इसहाकाला, अर्पण करायला डोंगरावर नेतो तो. मी चांगला रंगवून सांगितला, लाकडं, विस्तव, सुरी, सगळं. आठ वर्षांचा एक मुलगा बिस्किट हातात घेऊन परत माझ्याजवळ आला आणि हळूच विचारलं, ताई, देवाने सांगितलं तर बाबा मला पण मारतील? मी म्हटलं नाही रे, असं काही नसतं, जा बस जागेवर. तो गेला. पुढचे दोन रविवार तो आलाच नाही आणि मग त्याची आई भेटली तेव्हा कळलं की रात्री बाबांच्या शेजारी झोपायला तयार नाही. मी अब्राहामाचा विश्वास शिकवत होते आणि ते मूल इसहाकाच्या जागी लाकडांवर बांधलेलं पडून होतं, आणि सहा वर्षांचा अनुभव असून मला ते दिसलं नाही. त्या आठवड्यात मी पाळकसाहेबांना विचारलं की हे शिकवतात कुठे, त्यांनी दोनतीन ठिकाणं सांगितली, त्यातली नोकरी सांभाळून जमेल अशी ही एकच.

आता कोर्स. दोन वर्षं, चार सेमिस्टर. आठवड्यातून दोन संध्याकाळी ऑनलाइन क्लास, रात्री आठ ते साडेनऊ, आणि प्रत्येक सेमिस्टरला एकदा दहा दिवस बेळगावकडे कॅम्पसवर राहायला जायचं. फी माझ्या वेळी वर्षाला अठरा हजार, राहण्याजेवण्याचे वेगळे. वास्कोकरांना सोय आहे, गोवा एक्सप्रेस दुपारी इथूनच सुटते, दूधसागरवरून घाट चढून रात्री बेळगाव. पावसाळ्यात उशीर धरूनच निघा आणि स्टेशनवर घ्यायला कोणी येणार असेल तर आधी फोन करून ठेवा. जेवण साधं, खोल्या स्वच्छ, बायकांची राहायची सोय वेगळी आणि नीट. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

पहिल्या सेमिस्टरला बालविकासाचा पेपर असतो. चारातले तीन स्टार तरी एकट्या ह्या पेपरचे.

त्यात पियाजे, एरिक्सन हे मानसशास्त्रज्ञ, मग जेम्स फाउलरने १९८१ साली मांडलेले विश्वासाचे टप्पे वगैरे येतं. फाउलर म्हणतो शाळकरी वयात मूल गोष्ट शब्दशः धरतं, गोष्टीत जे झालं ते तसंच झालं, त्यातून अर्थ वेगळा काढून बघायची ताकद पुढे येते. हे वाचलं त्या रात्री मी वही मिटून बसले, माझा तो आठ वर्षांचा मुलगा समोर आला. पण पुस्तकातलं कुठेही वाचायला मिळतं, आमच्या मॅडमनी जे करून घेतलं ते कुठे मिळालं नसतं. काम असं होतं की एक मूल निवडा, आईवडिलांची परवानगी घ्या, वीस तास त्याला बघा आणि वहीत फक्त दिसलं तेवढंच लिहा.

मी नऊ वर्षांची एक मुलगी निवडली आणि पहिल्याच पानावर लिहिलं, मुलगी लाजाळू आहे, धड्यात लक्ष नसतं. वही परत आली तेव्हा दोन्ही वाक्यांखाली लाल रेघ आणि बाजूला लिहिलेलं, हे तुमचं मत झालं, दिसलं काय? राग आला होता मला खरं तर. पुढच्या रविवारी बसले आणि नुसतं बघितलं. ती दाराजवळच बसते. दार वाजलं की आधी तिची मान वळते. गोष्ट चालू असताना तिने लहान भावाच्या बाटलीचं झाकण तीन वेळा उघडून दिलं. प्रार्थनेला सगळे डोळे मिटतात, ही मिटत नाही, भावाकडे बघत राहते. म्हणजे लाजाळू कसली, ती नऊ वर्षांची पोर ड्युटीवर होती! आई संध्याकाळच्या शिफ्टला, वडील बाहेरगावी, भावाचं खाणंपिणं अभ्यास सगळं हिच्याकडे, आणि रविवारी आमच्याकडे आली की तिथेही तेच. आम्ही काय केलं तर भावाला तासभर दुसऱ्या ताईच्या वर्गात दिलं आणि तिला पुढे खिडकीजवळ बसवलं. तिसऱ्या रविवारी तिने पहिल्यांदा प्रश्न विचारला, आणि आता ती थांबतच नाही. ही वही नसती तर मी ह्या मुलीला लाजाळू म्हणून सोडून दिलं असतं, हे आठवलं की अजून कसंतरी होतं.

म्हणून कोणी विचारलं की कोर्स चांगला की वाईट हे कसं ओळखायचं, तर मी आधी हे विचारायला सांगते की खऱ्या मुलांबरोबर किती तास काम करावं लागतं आणि ते काम कोण तपासतं. नुसते पेपर लिहून घेणारा कोर्स असेल तर ते पैसे साठवा आणि चांगली पुस्तकं घ्या.

शास्त्राचा पेपर पण चांगला होता, आणि त्यात मला आपल्या मराठी पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, एक गोष्ट नव्याने कळली. नीतिसूत्रे २२:६ इंग्रजीत सगळ्यांना पाठ असतं, मुलाला ज्या वाटेने जायला हवं त्या वाटेचं शिक्षण द्या असा त्याचा अर्थ घेतात, म्हणजे वाट मोठ्यांनी ठरवलेली. मराठीत मात्र मुलाच्या स्थितीस अनुरूप असं शिक्षण दे असं आहे. सर म्हणाले मूळ हिब्रूत शब्दशः त्याच्या वाटेप्रमाणे असं आहे, म्हणजे मुलाची स्वतःची वाट, आणि आपल्या भाषांतरकारांनी तो अर्थ धरला. तीस विद्यार्थ्यांत मराठी शास्त्र आणलेल्या आम्ही दोघीच होतो, त्या दिवशी ते पुस्तक बाकावर सगळीकडे फिरलं. मला लहानपणापासून पाठ असलेलं वचन, आणि त्यातला स्थितीस हा शब्द मी कधी थांबून वाचलाच नव्हता. त्या मुलीची वही आणि हा शब्द माझ्यासाठी आता एकच गोष्ट आहे.

बाकी अनुवाद ह्या बायबलच्या पुस्तकातल्या ६ व्या अध्यायातलं घरी बसता वाटेने चालता मुलांशी बोलत राहा ते, तीमथ्याची आजी लोईस आणि आई युनीके, बारा वर्षांचा येशू मंदिरात शिक्षकांमध्ये बसून त्यांचं ऐकतोय आणि प्रश्न विचारतोय, हे सगळं झालं. त्या शेवटच्यावर मी तरुण संघात तीन आठवडे घेतले. बाराव्या वर्षी आईबापांना न सांगता मागे राहिलेला मुलगा, तीन दिवस शोधाशोध, आईचं रागावणं, मुलाचं उत्तर, आणि मग घरी जाऊन त्यांच्या आज्ञेत राहणं. आमच्या पोरांनी असा येशू आधी ऐकलाच नव्हता.

मुलांच्या सुरक्षिततेबद्दल जरा जास्त लिहिते कारण मला ते फार महत्त्वाचं वाटतं. कोर्समध्ये ह्यावर एकच दिवस होता. बाहेरून एक वकील मॅडम आल्या होत्या आणि त्यांनी सहा तासांत जे सांगितलं ते आमच्यातल्या निम्म्या लोकांनी कधी ऐकलेलंच नव्हतं, आणि त्यात वीस वीस वर्षं मुलांमध्ये सेवा करणारी माणसं होती. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ चा, अठराच्या आतलं प्रत्येक जण त्यात मूल, मुलगा असो की मुलगी. कलम १९ प्रमाणे गुन्हा झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली तर पोलिसांना कळवणं बंधनकारक, आणि न कळवणाऱ्याला कलम २१ खाली शिक्षा. म्हणजे पाळकांना सांगितलं, मंडळीच्या पंचांना सांगितलं, प्रार्थना केली आणि विषय मिटवला हे चालत नाही, कायद्याने चालत नाही आणि देवापुढे तर नाहीच नाही. गोव्याचा तर ह्याच्याही आधीचा स्वतःचा कायदा आहे, गोवा बाल कायदा २००३, हे वास्कोत राहून मला बेळगावला कळलं. मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर १०९८, तो आता आमच्या खोलीत मुलांच्या उंचीवर चिकटवलाय, मोठ्यांच्या नाही.

परत आल्यावर मी पंचांच्या मीटिंगमध्ये चार गोष्टी मांडल्या. वर्गात कायम दोन मोठी माणसं, दाराला काच, मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय ग्रुपवर टाकायचे नाहीत, आणि कोणाही मोठ्या माणसाने मुलांशी खासगी मेसेजवर बोलायचं नाही, बोलायचं तर पालक असलेल्या ग्रुपवर. एवढ्यावर दोन तास वाद. आपल्याच माणसांवर संशय घेतेस का असं एका वडिलांनी विचारलं, आणि ते माझ्या वडिलांच्या वयाचे, मी त्यांच्या हातचं खाऊन मोठी झाले. मी म्हटलं काका, उद्या तुमच्यावर कोणी खोटा आरोप केला तर ही काचच तुमची साक्षीदार. ते गप्प झाले. दोन महिने काही झालं नाही, आणि मग एका शनिवारी तेच सुताराला घेऊन आले आणि उभं राहून दाराला काच बसवून घेतली. माझं म्हणणं एवढंच आहे की हा विषय कोर्समध्ये एक दिवस नको, पूर्ण पेपर हवा, आणि पहिल्याच सेमिस्टरला हवा. फीडबॅक फॉर्मवर मी हेच लिहिलंय.

तरुणसेवेच्या पेपरबद्दल माझं मत संमिश्र आहे. एरिक्सन म्हणतो किशोरवयाचं मुख्य काम म्हणजे मी कोण ह्याचं उत्तर शोधणं, ते पटलं. पण वर्गातली उदाहरणं सगळी अशा मुलांची होती ज्यांच्याकडे स्वतःची खोली, गाडी, कॅम्प फायर. आमची पोरं शाळेत इंग्रजी, रस्त्यावर कोंकणी नाहीतर हिंदी, घरी मराठी, आणि उपासनेत पवित्र शास्त्राची मराठी जी घरच्या मराठीपेक्षा वेगळीच. चौदा वर्षांच्या मुलाला मी विचारलं प्रार्थना कुठल्या भाषेत करतोस, तो विचारात पडला आणि म्हणाला मोठ्याने मराठीत, मनात इंग्लिशमध्ये. ह्या एका वाक्यावर एक पूर्ण सेमिस्टर शिकवता आलं असतं. आणि दुसरं म्हणजे जाणं. १९६१ च्या आधी इथे जन्मलेल्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळू शकतं म्हणून ह्यांचे वर्गातले कॅथलिक मित्र युरोपला निघालेले, आमची पुण्याला बेंगळुरूला गल्फला. बारावी झाली की तरुण संघ रिकामा. जाणाऱ्या मुलाला तयार करून कसं पाठवायचं, तिकडे गेल्यावर कोणाच्या हाती सोपवायचं, ह्यावर कोर्समध्ये काहीच नाही आणि गोव्यात तरुणसेवा करणाऱ्याला हेच सगळ्यात आधी लागतं.

कुटुंबसेवा हा पेपर शेवटच्या सेमिस्टरला आहे आणि मला तो सगळ्यात कमकुवत पण सगळ्यात गरजेचा वाटला, दोन्ही एकदम. सरांनी पहिल्याच तासाला फळ्यावर हिशोब मांडला. वर्षाचे तास ८,७६०. एकही रविवार न चुकवता आलेलं मूल तुमच्याकडे असतं ५२ तास. उरलेले कोणाकडे? ह्याच्यापुढे दुसरं काही सांगायची गरजच नाही. पण मग जे साहित्य दिलं त्यात रात्रीच्या जेवणाला आई बाबा मुलं टेबलाभोवती बसलीत आणि बाबा वचन वाचतायत असं धरून चाललेलं. आमच्याकडे बाबा टेबलावर असतात कुठे, बंदरात रात्रपाळीला असतात, नाहीतर तारवटी, म्हणजे बोटीवर, नऊ नऊ महिने.

तर प्रोजेक्टला मी आजूबाजूला बघायचं ठरवलं. आमच्या शेजारच्या आंटी कॅथलिक, त्यांच्या घरी रोज संध्याकाळी तेर्स असतो, जपमाळ हातात घेऊन सगळे वेदीसमोर, टीव्ही बंद, कोण पाहुणा आला तर तोही बसतो. मी परवानगी काढून पाच संध्याकाळी तिथे बसले, तीच वही घेऊन. साडेचार वर्षांचा नातू अर्ध्यात लोळायला लागतो, कोणी ओरडत नाही, शेवटी मात्र उठतो आणि एकेका मोठ्याकडे जाऊन बेसांव मागतो, म्हणजे आशीर्वाद, आणि प्रत्येक जण त्याच्या डोक्यावर हात ठेवतो. त्या मुलाला जपमाळेतलं काय कळलं असेल मला माहीत नाही पण रोज चार मोठ्या माणसांचा हात डोक्यावर येतो हे त्याला पक्कं माहितीय. आमची शिकवण वेगळी, आम्ही जपमाळ म्हणत नाही, पण मी घरी येऊन आईला म्हटलं, आपल्याकडे हे कधी सुटलं गं? आई म्हणाली तिच्या लहानपणी मिरजेला रोज रात्री कंदिलाजवळ गायन आणि प्रार्थना व्हायची, आजोबा उपासना संगीत हे गायनांचं पुस्तक मांडीवर घेऊन बसायचे. टीव्ही आला तेव्हा सुटलं.

मग आम्ही सहा घरांत सुरू केलं, दहा मिनिटं, त्याच्यावर नाही. एक गायन, एक लहान शास्त्रभाग, आणि मोठ्यांनी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून त्याचं नाव घेऊन एक वाक्य प्रार्थना. एका घरात बाबा बोटीवर, तर त्यांना सांगितलं बंदर लागेल तेव्हा स्तोत्र २३ तुमच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. त्यांनी पाठवलं, मागे इंजिनाचा आवाज येतोय, त्यांची मुलगी रोज रात्री तेच लावते, आता नवं पाठवलं तरी तिला जुनंच हवं असतं. सहापैकी दोन घरांत महिन्यात बंद पडलं, चार अजून चालू आहेत. सरांनी ह्या प्रोजेक्टला चांगले मार्क दिले आणि मुख्य म्हणजे पुढच्या बॅचला दाखवायला ठेवून घेतला.

त्या आठ वर्षांच्या मुलाचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या वर्षी मी त्याच्या घरी गेले, त्याच्या आईबाबांसमोर बसले, आणि त्याला म्हटलं तू मला एक प्रश्न विचारला होतास आणि मी नीट उत्तर दिलं नव्हतं. तो तेव्हा दहाचा झालेला. त्याला अजून आठवत होतं. मी म्हटलं त्या गोष्टीत देवाने हात थांबवला, देवाला मुलं मारून नको होती हेच अब्राहामाला कळलं, आणि तुझे बाबा तुला कधीच मारणार नाहीत. त्याचे बाबा क्रेनवर काम करतात, धिप्पाड माणूस, ते काही बोलले नाहीत, नुसतं त्याला जवळ ओढून घेतलं. कोर्सचा रिव्ह्यू लिहिताना हे कुठल्या रकान्यात घालायचं मला कळत नाही, पण दोन वर्षांची फी मी ह्यासाठीच भरली होती.

आता पाचवा स्टार.

एक तर भाषा. शिकवणं इंग्रजीत, स्लाइड इंग्रजीत, पुस्तकं इंग्रजीत. मराठीत पेपर लिहायची परवानगी मागितली तर पहिल्या वर्षी नाही म्हणाले, दुसऱ्या वर्षी हो म्हणाले पण मग तपासायला मराठी वाचणारं कोणी मिळेना आणि माझे दोन पेपर अडीच महिने पडून राहिले. माझ्याबरोबर कारवारकडची एक बहीण होती, मुलांमध्ये इतकं सुंदर काम करते, तिला इंग्रजीमुळे दुसऱ्या सेमिस्टरला सोडावं लागलं. हे मला फार लागलं. मुलांशी आणि आईबापांशी जे बोलायचं ते मराठीत, कोंकणीत, कानडीत, मग शिकणाऱ्याने ते आपल्या भाषेत मांडलेलं चालायला नको का.

दुसरं, इतिहास. रॉबर्ट रेक्सने १७८० च्या सुमाराला ग्लॉस्टरमध्ये गरीब मुलांसाठी रविवारची शाळा काढली, १८४४ ला लंडनला वायएमसीए, १८८१ ला अमेरिकेत ख्रिश्चन एन्डेव्हर ह्या तरुणांच्या संघटना, हे सगळं शिकवलं आणि शिकवायलाच हवं. पण आम्ही गोव्याची माणसं वर्गात बसलेलो असताना फ्रान्सिस झेवियरचं नाव निघालं नाही, जो १५४२ साली गोव्यात उतरला आणि हातात घंटा घेऊन रस्त्यारस्त्याने मुलांना शिकवणीला बोलवत फिरला. इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्सचं नाही, ज्याचं क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यातल्याच साष्टीतल्या राशोलला छापलं गेलं, मराठीत, ओव्यांमध्ये, कारण इथल्या माणसाच्या कानाला ओवी लागते हे त्याने ओळखलं होतं. त्याचंच कोंकणीतलं दौत्रिन क्रिस्तां १६२२ ला, त्याच्या मृत्यूनंतर आलं, प्रश्नोत्तरांचं, आणि इथले कॅथलिक अजूनही मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला दोतोर्नच म्हणतात. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळातल्या मुलींसाठी केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, त्याला एक ओळ. अमेरिकन मिशनने १८७० च्या दशकात मुलांसाठी बालबोधमेवा हे मराठी मासिक काढलं, ते कोणाला माहीतच नाही. आपल्या मातीत मुलांमधल्या सेवेला चारशे वर्षांहून जास्त झालीत आणि आम्हाला असं शिकवलं जातं जणू सगळं बाहेरून तयार होऊन आलं. मी ह्यावर वीस पानांची असाइनमेंट लिहून दिली. तीच त्या दोन पडून राहिलेल्या पेपरांपैकी एक.

तिसरं ऑफिस. मार्कलिस्टवर नाव चुकीचं आलं, दुरुस्तीला चार फोन, सर्टिफिकेट पाच महिन्यांनी. ज्यांना पुढे कुठे अर्ज करायचाय त्यांनी हे धरून चालावं.

करिअर म्हणून विचाराल तर खरं सांगते. फक्त मुलांमध्ये किंवा तरुणांमध्ये सेवा करायला पूर्ण पगारावर माणूस ठेवणारी मराठी मंडळी माझ्या पाहण्यात नाही. मी सकाळी एका बालवाडीत नोकरी करते आणि मंडळी मला महिन्याला चार हजार मानधन देते, ते पण कोर्सनंतर सुरू झालं, आधी काहीच नव्हतं. बरोबरच्यांपैकी एक जण वसतिगृहाचा वॉर्डन झाला, एक जण ख्रिस्ती शाळेत मूल्यशिक्षण शिकवते, एक जण पुढे शिकायला गेला. पाळक व्हायचं असेल तर हा डिप्लोमा पुरणार नाही, त्याला पदवी लागते, आणि इथे संलग्नता काय आहे ते आधी विचारा. बंगालमधलं सेरामपूर कॉलेज १८१८ चं, १८२७ ला डेन्मार्कच्या राजाच्या सनदेने त्याला पदवी द्यायचा अधिकार मिळाला, आणि सेरामपूरच्या सिनेटची बी.डी. ही धर्मशास्त्राची पदवी बऱ्याच चर्चमध्ये पाळकपदासाठी चालते. पुण्याची युनियन बिब्लिकल सेमिनरी, जी १९५३ ला यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ ला पुण्यात आली, तिथेही चौकशी करता येईल. कॅथलिक मैत्रिणींसाठी वेगळी वाट आहे, पोप फ्रान्सिस यांनी मे २०२१ मध्ये कॅटेकिस्ट, म्हणजे धर्मशिक्षक, ही रीतसर सेवा म्हणून स्थापन केली, तुमच्या पॅरिशमध्ये विचारा. घरात एकच कमावणारं माणूस असेल आणि ते तुम्ही असाल, तर हातची नोकरी सोडून ह्यात उडी घेऊ नका, नोकरी ठेवून करा, जमतं. मी केलं, रात्री नऊ वाजता डोळे मिटायचे पण केलं.

आणि पाचारण, म्हणजे ह्या सेवेसाठी देवाचं बोलावणं, आहे की नाही हे कोर्स सांगत नाही. ज्यांना मुलं आवडतात म्हणून यायचंय त्यांनी आधी सहा महिने कुठल्यातरी संडे स्कूलमध्ये बसावं, मदतनीस म्हणून, बिस्किटं वाटायला, नाक पुसायला.

प्रवेश जूनला असतो, फॉर्म एप्रिलमध्ये निघतात, पाळकांचं पत्र लागतं आणि एक साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव, लिहून द्यावी लागते, ती मराठीत दिली तरी घेतात. फी दोन हप्त्यांत भरता येते पण फॉर्मवर तसं लिहिलेलं नाही, ऑफिसला फोन करून मागावं लागतं. जाताना मराठी पवित्र शास्त्र, जाड स्वेटर कारण बेळगावला पहाटे गारठा असतो, आणि एक कोरी वही न्या, दोनशे पानी. कोणाला माझी वीस तासांची वही बघायची असेल तर मुलीचं नाव झाकून दाखवीन, रविवारी उपासनेनंतर मी मागच्या खोलीतच असते.